वजन कितलं शे

याकूब पिंजारीनं आधी गाडीकडं पाहिलंच नाही.
पाना खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं.
"तुन्हं वजन कितलं शे? खरं सांगजो."

बारा वर्षं मी काट्यावर बसते,
अमळनेरच्या बाहेर, चोपडा रस्त्याला.
कापसाचे टेम्पो, मक्याच्या ट्रॉल्या, भंगारानं फुगलेला छोटा हत्ती.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
वजाबाकी, पावती, पुढची.
मला कुणी विचारलं नव्हतं.
एकदा जेवणाच्या सुट्टीत चढले होते प्लेटवर;
पण तो काटा दहा किलोच्या खालचं बोलत नाही,
कधी चाळीस म्हणाला, कधी पन्नास.

"असेल पन्नासच्या आतबाहेर."
"आतबाहेर चालाव नही."
समोरच्या आडतीवर नेलं, धान्याच्या काट्यावर उभं केलं,
हेल्मेट घालून, जाकीट घालून, बुटांसकट.
हमाल बघत होते.
त्रेपन्न किलो चारशे.
यानं ते हातावर पेनानं लिहून घेतलं.

मी आले होते आणखी कडक मागायला.
सगळे म्हणत होते, स्पोर्ट गाडी आहे, कडकच शोभते.
नाशिकच्या ज्या दांडग्या पोराकडून घेतली
त्यानं मागची कॉलर पार शेवटच्या आट्यापर्यंत पिळलेली,
आणि मी तशीच चालवत होते दोन वर्षं
या काळ्या मातीवरच्या रस्त्यानं,
जो उन्हाळ्यात भेगाळतो, पावसात फुगतो,
डांबराखाली दरवर्षी कूस बदलतो.
मनगटं रात्री ठणकायची.
मला वाटायचं, माझेच हात कच्चे.

त्यानं पुढच्या नळीला प्लॅस्टिकची पट्टी बांधली:
"जाय, बोरीना पूलपावत जाईसन ये."
आले. पट्टी निम्म्यावर थांबलेली.
खाली बसून त्यानं त्यावर बोट ठेवलं.
"आर्धा रस्ता हिनी सोसाच नही.
तो तू सोसा."

मग तीन दिवस गाडी स्टुलांवर, पाय काढलेल्या बाजेसारखी.
जुनं तेल ओतलं तर चहाच्या गाळासारखं.
नवी स्प्रिंग, आधीपेक्षा मऊ,
त्यानं नखानं वाजवली, कानाशी नेली, परत वाजवली.
भिंतीवर, चेनांच्या शेजारी, आज्याची पिंजायची कमान टांगलेली,
तिची तात कधीच गेलेली.
"तुम्हाला येतं का पिंजता?"
"आडनावपुरता कापूस," म्हणाला, आणि पाना मागितला.

शेवटी गाडी उचलून टेप लावला. एक आकडा.
मग म्हणाला, बस.
भाच्यानं पुढून हँडल धरलं,
मी दोन्ही पाय वर घेतले, श्वासही धरला, उगाच.
दुसरा आकडा.
रिकामी गाडी, भरलेली गाडी, वजाबाकी;
हे काम तर माझंच की, फक्त मी पहिल्यांदा
खिडकीच्या या बाजूला होते.
तेहतीस मिलिमीटर.
मी आहे, हे या गाडीला
एवढं कळतं आता.

"मे महिनामा तेल ताकनागत व्हई जास.
तव्हय ये, दोन टिक फिरवूत."
पैसे मोजले नाहीत, तसेच खिशात घातले.

परतीच्या रस्त्यावर तेच खड्डे होते, एकही बुजला नव्हता.
गावकऱ्यांनी रातोरात घातलेले ते तीन गतिरोधक,
दुसऱ्यावर मी सवयीनं दात आवळले,
आणि दात आवळलेलेच राहिले, नुसते.
घरी उतरून बॅटरीच्या उजेडात पट्टी पाहिली.
टोकापासून एक बोट.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाला विचारत होता,
"ताई, नवा शॉक म्हणे? लई कडक?"
"मऊ," मी म्हटलं.
तो हसला.
मी त्याच्या ट्रकचे पाटे बघत होते,
बावीस टन सरकीखाली उलटे वाकलेले.
"चला, एंट्री करा."
केली.